धान्याच्या बाजारातलं घुबड

(जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, खानदेशात घुबडाचा विषय निघाला की पहिलं नाव येतं रानपिंगळ्याचं, आणि ते साहजिकच आहे. १८८४ नंतर या पक्ष्याची खात्रीलायक नोंद नव्हती. तो संपला असंच बहुतेकांनी धरलं होतं. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या तिघा पक्षीअभ्यासकांना तो आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी दिसला. आज त्याच्यासाठी लांबलांबचे पक्षीनिरीक्षक सातपुड्यात येतात. त्याच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, बोललंही पाहिजे. मला मात्र आज त्या घुबडाबद्दल बोलायचं आहे जे इथल्या व्यापाऱ्यांच्या, हमालांच्या, रिक्षावाल्यांच्या डोक्यावरून रोज रात्री जातं आणि ज्याच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही. गव्हाणी घुबड.

पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा, पाठ सोनेरी-करडी, पोट जवळपास पांढरं. वजन अर्ध्या किलोच्या आतबाहेर. झाडाच्या ढोलीत राहतंच, पण आपल्या गावांत त्याला त्याहून सोयीच्या जागा मिळाल्या आहेत: कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या छपराखालची पोकळी, बंद गिरणीची फुटकी खिडकी, देवळाचं शिखर, वाड्याचा पडका माळा. लोक म्हणतात, बिचारं जंगल तुटल्यामुळे शहरात आलं. या पक्ष्याच्या बाबतीत ते मला पटत नाही. ते आपल्या धान्यामागे आलं आहे. डाळीच्या गिरण्या, मक्याच्या गोण्या, सरकीचे ढीग. ट्रक भरताना पोतं फाटतं, दाणे सांडतात. दाण्यांवर उंदीर आणि घुशी येतात, कचऱ्यातल्या झुरळांवर चिचुंद्र्या येतात, आणि या सगळ्यांवर घुबड येतं. म्हणून त्याची शिकार पाहायची असेल तर अभयारण्याचं गेट शोधू नका. बाजार समितीचं आवार किंवा रेल्वेचा मालधक्का गाठा.

काय दिसतं ते सांगतो. उन्हाळ्याचे दिवस आहेत, दिवसा पारा पंचेचाळीसच्या घरात, आणि दिवेलागण झाली तरी शेडचे पत्रे तापलेले. लिलाव संपलेत, पण हमालांचं काम चालूच आहे, थप्प्या लागताहेत, एक ट्रक मागे घेताना शिट्टी वाजवतोय. अशा वेळी छपराच्या टोकाजवळून एक खरखरीत किंचाळी ऐकू येते. घुबड निघालं. ते उजेडात बसत नाही. विजेच्या खांबावर दिवा असतो ना, त्या दिव्याच्या मागच्या बाजूला, आपले डोळे दिपतात नेमक्या तिथे बसतं. खाली माणसं चहा पीत असतात आणि वर ते बसलेलं असतं.

आता त्याच्या पंखांकडे पाहू नका, चेहऱ्याकडे पाहा. त्याचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून ते अख्खं डोकं वळवतं. डोकं एकदा डावीकडे, एकदा खाली, मग किंचित तिरपं. मग थांबतं. या थांबण्याकडे लक्ष ठेवा. त्या क्षणी ताडपत्रीच्या कडेला काहीतरी खुडबुडलेलं असतं. तेवढ्यात ट्रकचा हॉर्न वाजला तर घुबड पुन्हा डोकं हलवायला लागतं, म्हणजे धागा तुटला. हॉर्न वाजला नाही तर ते पुढे झुकतं, सुटतं आणि दोन-चार संथ फटकाऱ्यांत खाली येतं. अगदी शेवटी दोन्ही लांब पाय पुढे येतात, नख्या फाकतात आणि ते ताडपत्रीवर आदळतं. तो आदळण्याचा आवाज येतो. उडण्याचा येत नाही. पंख पसरून ते शिकारीवर क्षणभर तसंच बसतं, वाकून मानेला चोच मारतं आणि वर पाहतं. पुष्कळदा नख्यांत काहीच नसतं. ते पुन्हा खांबावर जाऊन बसतं. हे रिकामं परतणं ज्यानं पाहिलं नाही, त्यानं शिकार पाहिली असं मी म्हणणार नाही.

हे सगळं कानांचं काम आहे. पुढे देवमाशांच्या गाण्यांसाठी जगभर गाजलेले रॉजर पेन यांनी तरुणपणी गव्हाणी घुबडावर प्रयोग केले. पूर्ण अंधाऱ्या खोलीत घुबड केवळ आवाजावरून उंदीर पकडतं हे त्यांनी दाखवलं. उंदराच्या शेपटीला दोऱ्यानं वाळकं पान बांधलं, तेव्हा घुबडानं झडप घातली ती खसफसणाऱ्या पानावर. म्हणजे वास नाही, उंदराच्या अंगाची ऊबही नाही, फक्त आवाज. त्याच्या डाव्या कानाचं छिद्र उजव्यापेक्षा वर असतं, त्यामुळे आवाज उजवीकडून आला की डावीकडून एवढंच नाही, वरून आला की खालून हेही त्याला कळतं. तो बदामी चेहरा म्हणजे आवाज गोळा करून कानांकडे पोचवणारी ताठ पिसांची वाटी आहे. आणि पंखाच्या पुढच्या कडेला बारीक दाते, मागच्या कडेला झालर, वर मखमली लव. हवा त्यावरून निमूट सरकते. उंदराला घुबड ऐकू येत नाही हे तर खरंच, पण स्वतःच्या पंखांचा आवाज नसल्यामुळे घुबडाला उडतानाही उंदीर ऐकू येत राहतो. मला यातलं हे दुसरं जास्त मोलाचं वाटतं.

म्हणून शहराचा गोंगाट त्याला खरोखर नडतो. बाजार थंडावला, शेवटचे ट्रक निघून गेले, की त्याच्या झडपा वाढलेल्या दिसतात. दिव्यांचं मात्र तसं नाही. दिवा पिंगळ्याला पावतो. पिंगळा म्हणजे ते मूठभर, ठिपक्याठिपक्यांचं, संध्याकाळी तारेवर जोडीनं बसून कलकलाट करणारं घुबड. चहाच्या टपरीशेजारच्या दिव्याखाली तो बसतो आणि जमिनीवर पडलेले भुंगेरे, पतंग उचलतो. मृगाचा पहिला पाऊस पडून पंख फुटलेली वाळवी उठली की त्याची चंगळ पाहून घ्या. लहान मुलांना घुबड दाखवायचं असेल तर पिंगळ्यापासून सुरुवात करा, तो उजेड असतानाच बाहेर येतो.

गव्हाणी घुबड शिकार शक्यतो अख्खी गिळतं. हाडं आणि केस पचत नाहीत, त्यांची काळपट गोळी करून ते तोंडावाटे टाकतं. बसण्याच्या जागेखाली अशा गोळ्या पडलेल्या असतात. हातमोजे घाला, कोमट पाण्यात गोळी भिजवा, काडीनं सोडवा. आत कवट्या सापडतात. पुढचे दात नारिंगी, लांब, त्यांच्यामागे मोकळी जागा, मग दाढा, तर ती उंदराची. कवटी निमुळती आणि पांढऱ्या, टोकदार दातांची सलग रांग, तर ती चिचुंद्रीची. बाजारात घुबड काय खातं याचा याहून चांगला पुरावा नाही. शाळांनी हे मुलांकडून करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आता जे सांगतो ते व्यापारी बांधवांसाठी. गोदामात ब्रोमॅडिओलोनसारखं औषध ठेवलं की उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठणं बंद होतं आणि तो काही दिवसांनी मरतो. या मधल्या दिवसांत तो सुस्तावतो, उघड्यावर येतो, आणि घुबडाला सगळ्यात आधी तोच सापडतो. असे उंदीर खाऊन घुबडाच्या अंगातही तेच विष साठतं. म्हणजे जे फुकट राखण करतं त्यालाच आपण मारतो. सापळे लावा, सांडलेला दाणा रोज झाडा, थप्पी भिंतीपासून हात-दीड हात लांब लावा. औषधाचा नंबर शेवटचा.

अशुभपणाबद्दल एवढंच. घुबडाला दगड मारला तर ते तो उचलून नदीत झिजवतं आणि दगडाबरोबर माणूसही झिजतो, असं आपण लहानपणी ऐकलंय. त्या भीतीनं निदान काही हात तरी थांबले. पण दिवाळीच्या सुमारास मंत्रतंत्रासाठी घुबडं पकडणारेही आहेत, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. असं कुठे दिसलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे: "गोदामाच्या माळ्यावर घुबडाची पिल्लं आहेत, रात्रभर फुसफुसतात, काय करावं?" दादा, ती भुकेली आहेत, आईबापांना हाका मारताहेत. अंडी एकेक दिवसाआड घातलेली असतात आणि आई पहिल्यापासूनच उबवते, त्यामुळे पिल्लं लहानमोठी असतील, त्याची काळजी करू नका. साधारण दोन महिन्यांत ती उडू लागतात. तोवर माळ्याची ती खिडकी उघडी ठेवा आणि खाली जुनं बारदान अंथरा. एखादं खाली पडलं तर पाणी पाजू नका, दूध तर मुळीच नाही. जाड फडक्यात धरून, जखम नसेल तर परत माळ्यावर ठेवा. जखम असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवून १९२६ ला कळवा. आणि तुमची हरकत नसेल तर एखाद्या संध्याकाळी आम्हा चार-पाच जणांना समोरच्या ओट्यावर बसू द्या.