हजेरीपट भिंतीवर येतो तेव्हा

गावातला भ्रष्टाचार उघड करायला भिंत रंगवायला निघालेली मंडळी बहुतेक वेळा पहिल्यांदा रंगाच्या दुकानात जातात आणि तिथंच चुकतात. पुढाऱ्याचं व्यंगचित्र काढलं, खाली ‘चोर’ लिहिलं, की दोन दिवस गर्दी जमते. तिसऱ्या दिवशी पुढारी म्हणतो, ‘विरोधकांचा डाव आहे’, आणि विषय मिटतो. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संगठनच्या लोकांनी हेच काम दुसऱ्या टोकाकडून सुरू केलं. त्यांनी आधी हजेरीपट मागितला, म्हणजे सरकारी कामावरच्या मजुरांची नावं, दिवस आणि मजुरी लिहिलेला कागद.

ही संघटना १ मे १९९० रोजी भीम इथं स्थापन झाली. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ही तिची ठळक नावं. मूळ भांडण मजुरीचं. दुष्काळी कामावर राबणाऱ्याला किमान वेतन मिळत नसे आणि का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असे: तुम्ही काम कमी केलंत, मापात तसं दिसतंय. मग दाखवा की ते माप! तर ते दाखवता येत नाही, सरकारी कागद आहे. आपण ज्याला माहितीचा अधिकार म्हणतो, त्याची ठिणगी या मापपुस्तिकेवरून, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायच्या सरकारी वहीवरून पडली.

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनवाई, म्हणजे लोकांसमोरची उघड सुनावणी, झाली. खटपटीनं मिळवलेले कागद लोकांसमोर मोठ्यानं वाचले गेले. कागदावर पूर्ण झालेल्या इमारतीला छप्पर, दारं, खिडक्या नाहीत, हे गावाला रोज दिसत होतं. पण तिचे पैसे पूर्ण इमारतीचे गेलेत, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. इथं एक बारकावा आहे. ‘भ्रष्टाचार’ हा शब्द गावाला नवा नव्हता, त्यावर कुणी चवताळून उठत नव्हतं. पण आपलं नाव हजेरीपटावर, पुढं आपला अंगठा आणि पुढं आपण कधी न पाहिलेली रक्कम, हे ऐकल्यावर माणूस उभा राहतो.

आता आपल्याकडे हे करायचं तर कोणते कागद हवेत? एकाच कामाचे सहा मागा: अंदाजपत्रक व तांत्रिक मंजुरी, कामाचा आदेश, हजेरीपट, मापपुस्तिका, साहित्याची बिलं व प्रमाणकं (व्हाउचर) आणि पूर्णत्वाचा दाखला. एकही कमी पडला तर साखळी तुटते. ‘गेल्या पाच वर्षांतल्या सर्व कामांची माहिती द्यावी’ असा अर्ज करू नका. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. कामाचं नाव, वर्ष आणि या सहा कागदांच्या प्रती, एवढंच लिहा. शुल्क १० रुपये, पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस. कागदांचा ढीग मोठा असेल तर आधी अभिलेख पाहण्याची परवानगी मागा. पहिला तास फुकट असतो, त्यात नेमकी पानं टिपून तेवढ्याच प्रती घ्या. आणि एक तरतूद लोक विसरतात: कायद्याच्या कलम २ नुसार काम प्रत्यक्ष पाहण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. खडीकरणाच्या रस्त्यात खडी किती, हे कागदापेक्षा तो नमुना चांगलं सांगतो.

कागद आले की पंधरा दिवस तरी नुसती पडताळणी. इथं घाई झाली की सुनवाई फसलीच म्हणून समजा. हजेरीपटावरच्या प्रत्येक नावाच्या घरी दोघांनी जायचं. त्यातली एक बाई असावी, कारण मजुरांत बायका पुष्कळ असतात आणि पुरुषासमोर नवराच उत्तरं देऊन टाकतो. तीनच प्रश्न: काम केलं का, किती दिवस, हातात किती आले. एकाच नावाच्या दोन बायका गावात असतात, तेव्हा नवऱ्याचं नाव आणि वस्तीही टिपा. मयताच्या नावावर हजेरी दिसली तर मृत्यूचा दाखला जोडा, नाहीतर समोरचा ‘नजरचूक’ म्हणून सुटतो.

साहित्याच्या बिलांचं गणित साधं आहे. समजा, ६० मीटर लांब, सरासरी ४ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच असा मातीचा भराव दाखवलाय. म्हणजे ३६० घनमीटर, म्हणजे साधारण १२७ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). टेप धरून मोजा आणि मापपुस्तिकेशी ताडा. पावसाळ्यानंतर माती दबते, तेवढी सूट द्या आणि ती दिली असं लिहूनही ठेवा. मग वाहतूक बघा. समजा, बिलानुसार एका ट्रॅक्टरनं एका दिवसात २२ खेपा केल्यात आणि खाण १४ किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन २८ किलोमीटर, ताशी २० च्या वेगानं जवळजवळ दीड तास, भरणं-उतरवणं वेगळं. दिवस ३० तासांचा असल्याशिवाय हे बसत नाही. वाहनाचा क्रमांकही तपासा. बिहारच्या चारा घोटाळ्यात स्कूटरच्या क्रमांकावर जनावरं वाहून नेली होती, हे लक्षात असू द्या.

सुनवाईच्या दिवशी कोणाला बोलवायचं? सरपंच, ग्रामसेवक, शाखा अभियंता, सगळ्यांना लेखी निमंत्रण, पोच घेऊन. बाजू मांडायला त्यांच्यासाठी खुर्ची आणि वेळ राखून ठेवायचा. ते आले नाहीत तर रिकामी खुर्ची बोलते. पंचांच्या जागी गावाबाहेरची माणसं: वकील, संपादक, निवृत्त अधिकारी. शिवीगाळ नाही, दारू पिऊन माइकवर यायचं नाही, आणि ज्याच्याबद्दल कागद नाही त्याचं नाव घ्यायचं नाही. हा शेवटचा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. बदनामीच्या दाव्याची धमकी येते ती तिथूनच.

एक अडचण मात्र नियमांनी सुटत नाही. खोट्या हजेरीवर काही मजुरांनी स्वतःच अंगठे दिलेले असतात, पन्नास-शंभर रुपयांसाठी किंवा सावकाराच्या, जातीच्या दबावाखाली. अशा माणसाला मंचावर उघडं पाडलं की उरलेले सगळे साक्षीदार गप्प होतात. आदल्या रात्री त्याच्या घरी जाऊन बोला. तो कबूल करणार असेल तरच त्याचं पान वाचा.

लोकांची ही भीती मोडायला बाहुल्या येतात त्या इथं. शंकर सिंह हे बाहुल्या खेळवणारे. त्यांच्या ‘घोटाळा रथयात्रे’त पुढाऱ्यांच्या रथयात्रांची नक्कल होती: सजवलेला रथ, हात जोडून उभा नेता, आणि तो बेधडक घोटाळ्यांची आश्वासनं देतोय. लोक हसतात. जो माणूस सरपंचासमोर मान वर करत नाही, तो त्याच्या सोंगाला हसू शकतो, आणि एकदा हसला की दुसऱ्या दिवशी माइकपर्यंत चालत जाणं थोडं सोपं होतं. म्हणून खेळ आदल्या संध्याकाळी ठेवायचा. सुनवाईच्या मध्येच ठेवला तर गंभीर साक्षीची टिंगल होते. आपल्याकडे फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतल्या जलशांनी तमाशातल्या गण-गवळणीच्या ढाच्यात हेच केलं होतं, आणि सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची कळसूत्री (दोरीच्या) बाहुल्यांची परंपराही आहे. राजस्थानातून काही आणायची गरज नाही. मात्र हातमोजा-बाहुली शिकायला सोपी, कळसूत्रीला वर्षं लागतात. डोकं कागदाच्या लगद्याचं करा: रद्दी रात्रभर भिजवून कुटायची, पिळायची, मैद्याच्या खळीत मळायची; खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद टाकला तर कीड लागत नाही, पण तो विषारी असतो, म्हणून मुलांच्या हाती तो लगदा देऊ नका. राजस्थानातल्याच तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजमध्ये जागतिक बँकेच्या अहवालांच्या रद्दीतून बाहुल्या केल्याचं त्या कॉलेजचे संस्थापक बंकर रॉय यांनी सांगितलं आहे. त्या अहवालांचा एवढा सदुपयोग दुसरा नसेल!

बाहुलीचं तोंड खऱ्या माणसासारखं करायचा मोह होतो. नका करू. टोपी, उपरणं, काळा चष्मा एवढं पुरे. ओळखायचं काम प्रेक्षक करतात.

आणि मग भिंत. सुनवाईत वाचलेलं हवेत विरतं, भिंतीवरचं टिकतं. शिवाय माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्ये शासनानं स्वतःहून, स्थानिक भाषेत, सूचनाफलकांसारख्या साधनांनी माहिती द्यायची असं लिहिलेलंच आहे. भिंत रंगवताना आपण त्यांचंच राहिलेलं काम करत असतो. तरी मालकाची लेखी संमती घ्या. नाहीतर महाराष्ट्राचा १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आपल्यावरच वापरला जातो. ग्रामपंचायतीची भिंत असेल तर ग्रामसभेचा ठराव हवा.

वीस-पंचवीस फुटांवरून वाचायला अक्षराची उंची अडीच ते तीन इंच लागते. देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार, म्हणून दोन ओळींच्या शिरोरेखांत अक्षराच्या उंचीच्या दुप्पट अंतर ठेवा. नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या अनुस्वारात घुसतो आणि नाव भलतंच वाचलं जातं. रेषा गवंड्याच्या लाइनदोरीनं मारा. ताज्या चुन्यावर ऑइलपेंट लावू नका, चुन्याच्या क्षारानं तो पापुद्र्यासारखा सुटतो. चुन्याची भिंत खरवडून डिस्टेंपरचे दोन हात, अक्षरं गडद निळी किंवा गेरूची. गेरूत फेव्हिकॉल मिसळला नाही तर पहिल्या पावसात आकडे वाहून जातात, आणि आकडे गेले की भिंतीचा उपयोग काय?

चौकटीत पाच रकाने: कामाचं नाव, मंजूर रक्कम, खर्च, प्रत्यक्ष मोजमाप, वसुली. मजुरांची नावं आणि दिवस लिहा. बँकेचा खातेक्रमांक, आधार क्रमांक कधीही नाही. विशेषणं नकोत. ‘घोटाळा’ हा शब्दसुद्धा नको; खर्चाच्या शेजारी मोजमाप लिहिलं की वाचणारा वजाबाकी करतो. आकडे बिनचूक असावेत म्हणून रंगवण्याआधी तोच तक्ता कागदावर काढून दोन वेगळ्या माणसांना मूळ कागदाशी ताडायला द्या. एक आकडा चुकला की सरपंच नेमका तोच दाखवत गावभर फिरतो.

हे सगळं करून लगेच काही मिळतं असं नाही. राजस्थानातल्या ब्यावर शहरात ६ एप्रिल १९९६ पासून चाळीस दिवस धरणं चाललं, ऐन लोकसभा निवडणुकीत, ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ म्हणत. गावागावांतून धान्य आलं म्हणून ते टिकलं. राजस्थानचा माहिती अधिकाराचा कायदा त्यानंतर चार वर्षांनी, २००० साली आला, आणि देशाचा २००५ साली. त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्यात, कलम १७ मध्ये, ग्रामसभेनं करायच्या सामाजिक अंकेक्षणाचा, म्हणजे कामांचा हिशोब गावानंच तपासण्याचा, नियम आला. मधल्या काळात ग्रामसेवकांनी कागद दाखवायला नकार देत आंदोलनंही केली होती.

म्हणून पाचवा रकाना, वसुलीचा, कोराच ठेवायचा. शेजारी पेन्सिलीनं तारीख टाकायची, आणि दर तीन महिन्यांनी ग्रामसभेच्या आधी कुणीतरी ब्रश घेऊन तिथं जायचं. पैसे परत आले असतील तर रक्कम, नसतील तर ‘शून्य’ आणि नवी तारीख. शून्यासाठी जागा जरा जास्तच सोडा.