शेवटचा काळा

मंडळी, विषय जाहीर झालाय तो व्यावसायिक स्नूकरच्या विश्वविजेतेपदाचा इतिहास आणि लोकप्रियता. माझं म्हणणं थोडक्यात असं: गुण आणि टेबलावर उरलेले बॉल एवढं दिसलं, की घरबसल्या कुणालाही पुढचा हिशेब मांडता येतो. म्हणून लोकांनी हा खेळ डोक्यावर घेतला. ते पटवायला आधी एक फ्रेम, म्हणजे सामन्यातला एक डाव, सांगतो.

इंग्लंडमधल्या शेफील्डचं क्रूसिबल थिएटर, विश्वविजेतेपदाचा अंतिम सामना, एप्रिल १९८५. एका बाजूला स्टीव्ह डेव्हिस, गतविजेता. दुसऱ्या बाजूला उत्तर आयर्लंडचा डेनिस टेलर, तो मोठ्ठा चष्मा लावणारा. वाकून नेम धरताना नजर काचेबाहेर जाऊ नये म्हणून भिंगं उंच बसवलेली. डेव्हिस आठ-शून्य पुढे होता. तिथून टेलर चिवटपणे परत आला आणि सामना सतरा-सतरावर आला. आता पस्तिसावी, म्हणजे निकालाची फ्रेम. ती एकटीच ६८ मिनिटं चालली.

आता माझ्याबरोबर मोजा. डेव्हिस ६२, टेलर ४४. टेबलावर तपकिरी, निळा, गुलाबी, काळा. त्यांचे गुण चार, पाच, सहा, सात, झाले बावीस. टेलर अठरा मागे. म्हणजे त्याला चारही हवेत, आणि डेव्हिसला एक पुरे. टेलरने तपकिरी पॉकेटमध्ये, म्हणजे टेबलाच्या कडेच्या भोकात, घातला, निळा घातला, गुलाबी घातला. ५९. काळा राहिला. जो घालेल तो विश्वविजेता. दोन आठवड्यांच्या स्पर्धेचा निकाल एका बॉलवर!

टेलरने आधी डबल, म्हणजे काळा टेबलाच्या कडेवर आपटवून पॉकेटकडे, मारून पाहिला, हुकला. मग सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपी संधी न ठेवणारा शॉट, पुन्हा सेफ्टी. शेवटी डेव्हिसला बारीक कट, म्हणजे काळ्याच्या कडेला लागून तो तिरका घालायचा शॉट, मिळाला. इथे जरा थांबतो, कारण तो शॉट सोपा होता असं अजून ऐकू येतं. बॉलचा व्यास ५२.५ मिलिमीटर. समोरासमोरच्या सरळ बॉलला पांढरा (क्यूने, म्हणजे खेळाच्या काठीने, मारायचा तो बॉल) एक मिलिमीटर बाजूला लागला, तर बॉल साधारण एक अंश भरकटतो. सत्तर अंशांच्या कटला तेवढ्याच चुकीने तो तीन अंशांहून जास्त भरकटतो. मीटरभरावर हा फरक साडेपाच सेंटीमीटर, म्हणजे अख्ख्या बॉलहून जास्त! पांढरा जाड, म्हणजे काळ्याच्या मध्याकडे, लागला तर काळा पॉकेटच्या एका अंगाला जातो, पातळ, म्हणजे कडेकडे, लागला तर दुसऱ्या. डेव्हिसचा पातळ लागला. काळा पॉकेट सोडून गेला आणि टेलरने तो घातला. अख्ख्या सामन्यात टेलर पहिल्यांदा पुढे गेला तो त्या एका बॉलने. मध्यरात्र उलटून गेली होती आणि बीबीसी टूवर १ कोटी ८५ लाख लोक जागे होते. ते काही सगळे क्यू धरणारे नव्हते, पण अठरा आणि बावीस सगळ्यांना कळत होतं.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे इतिहास आता भराभर. खेळाचा उगम १८७५ च्या सुमारास आपल्या जबलपूरला, ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये मानतात. नेव्हिल चेंबरलेन हे नाव त्याला जोडलेलं आहे; पंतप्रधान झाले ते हे नव्हेत. पहिलं व्यावसायिक विजेतेपद १९२७ साली बर्मिंगहॅमला दुसऱ्याच एका डेव्हिसने, ‘जो’ डेव्हिसने, घेतलं आणि १९४६ पर्यंत, एकूण पंधरा वेळा, कुणाला दिलंच नाही. पुढे प्रेक्षक आटले आणि १९५७ नंतर थेट १९६४ पर्यंत स्पर्धा झाली नाही. साहजिक आहे. हॉलच्या मागच्या रांगेतून बॉलची जागा कळायची कशी?

१९६९ साली बीबीसी टूने रंगीत टीव्ही लोकांना दाखवायला ‘पॉट ब्लॅक’ सुरू केलं, एका फ्रेमचे सामने. जवळपास बारा फुटांचं टेबल कॅमेऱ्याच्या एका चौकटीत मावलं आणि हिशेब घराघरांत पोचला. १९७७ पासून विश्वविजेतेपद क्रूसिबलला. २००५ साली चीनच्या डिंग जुनहुईने बीजिंगला स्कॉटलंडच्या स्टीफन हेंड्रीला हरवलं आणि चीन टीव्हीपुढे बसला. वीस वर्षांनी, २०२५ मध्ये, झाओ शिनतोंग मार्क विल्यम्सला १८-१२ हरवून चीनचा पहिला विश्वविजेता झाला.

आपल्याकडचं एकच सांगतो. २०१३ च्या दिल्लीतल्या इंडियन ओपनमध्ये मुंबईचा आदित्य मेहता अंतिम फेरीत पोचला. मानांकन स्पर्धेत, म्हणजे जिचा निकाल जागतिक क्रमवारीत धरतात त्या स्पर्धेत, इथवर आलेला तो पहिला भारतीय. समोर हाच डिंग होता, ५-० ने जिंकला. आता प्रश्न विचारा.