कंबरेचा थकवा: यंत्राचा आकडा आणि माणसाचा आकडा

कंबरेचे स्नायू किती वेळ टिकतात हे पाहणारी सोरेन्सन चाचणी दिसायला सोपी आहे. टेबलावर पालथं झोपवायचं, कमरेच्या हाडाची वरची कड टेबलाच्या काठाशी जुळवायची, नितंब, गुडघे आणि घोटे पट्ट्यांनी बांधायचे. हात छातीवर घडी घालून धड हवेत आडवं धरायचं. टिकतील तितके सेकंद मोजायचे आणि २४० झाले की थांबवायचं. डेन्मार्कच्या बिअरिंग-सोरेन्सन यांच्या १९८४ च्या अभ्यासात, ज्या पुरुषांना पुढच्या वर्षभरात पहिल्यांदा कंबरदुखी झाली त्यांचे सेकंद कमी भरले होते. स्त्रियांत तसा संबंध दिसला नाही.

पण सेकंद म्हणजे थकवा नव्हे. त्यात धडाचं वजन आलं, मांड्यांच्या मागच्या स्नायूंची मदत आली आणि जिद्दही आली. पट्टा सैल असेल तर आधी पोटऱ्यांतच गोळे येतात आणि दोष मात्र कंबरेला लागतो.

म्हणून त्वचेवर इलेक्ट्रोड लावून ईएमजी, म्हणजे स्नायूंच्या विद्युत संदेशांचा आलेख, घेतात. मणक्याच्या दोन्ही बाजूंना, स्नायूतंतूंच्या दिशेत, केंद्रांमध्ये २० मिलिमीटर अंतर ठेवून. त्याआधी केस काढून त्वचा स्पिरिटने पुसायची; घामाने चिकटपट्टी सुटली की आलेख निरर्थक. स्नायू थकतो तशी संदेशाची मीडियन फ्रिक्वेन्सी, म्हणजे त्यातल्या कंपनांच्या पट्ट्याचा मध्य, उतरते, कारण तंतूंवरून संदेश धावण्याचा वेग मंदावतो. त्याच वेळी आलेखाची उंची बहुधा वाढते. जोर टिकवायला नवे तंतू कामाला लागलेले असतात. उंची वाढली म्हणजे ताकद वाढली, असं वाचू नका. कंबरेवर चरबी जाड असेल तर ती वरच्या फ्रिक्वेन्सी गाळते, त्यामुळे दोन माणसांचे नुसते आकडे शेजारी ठेवू नयेत. प्रत्येकाचा उतार त्याच्याच सुरुवातीशी ताडून पाहावा. हृदयाचे ठोकेही आलेखात घुसतात. सुमारे ३० हर्ट्झखालचा भाग गाळला की ते बरेच कमी होतात.

आता माणसाचा आकडा, म्हणजे त्याला स्वतःला किती थकवा जाणवतो तो. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची शून्य ते दहाची मोजपट्टी इथे चांगली चालते. त्यांची सहा ते वीसची मुख्यतः एकूण श्रमासाठी आहे. या आकड्याला ‘मनाचा खेळ’ म्हणून झटकणं मला पटत नाही. प्रश्न ढिसाळ असला की उत्तरही ढिसाळ येतं, एवढंच. मोजपट्टी चाचणीआधी समजावा: शून्य म्हणजे काहीच नाही, तीन म्हणजे मध्यम, दहा म्हणजे अतिशय तीव्र, जवळजवळ कमाल. विचारताना ‘कंबर किती भरून आली?’ असं विचारा. ‘किती दुखतंय?’ विचारलंत की चमक आणि थकवा एकाच आकड्यात मिसळतात. चमक आली तर चाचणी थांबवायची, आकडा लिहीत बसायचं नाही. दर १५ सेकंदांनी, त्याच शब्दांत, त्याच आवाजात विचारायचं आणि घड्याळ दिसू द्यायचं नाही. एकाला ‘शाब्बास, अजून थोडं’ म्हटलं आणि दुसऱ्याला नाही, तर सेकंदांची तुलना संपली.

दोन्ही आकडे जुळले नाहीत तर लगेच माणसाला खोटं ठरवू नका. माणसाचा आकडा आठवर आणि फ्रिक्वेन्सी जेमतेम उतरलेली असेल, तर आधी इलेक्ट्रोडची जागा तपासा, मग भार नितंबांनी उचलला का ते पाहा, आणि त्यानंतर दुखण्याची धास्ती आहे का ते विचारा.

चाचणी त्याच दिवशी पुन्हा घ्यायचा मोह टाळावा. फ्रिक्वेन्सी काही मिनिटांत बरीचशी सावरते, ताकद परतायला त्याहून जास्त वेळ लागतो. आलेख ताजा दिसतो आणि कंबर ताजी नसते.