दहा मणी

(दृश्य: गेवराई तालुक्यातलं गाव. माळवदाचं घर, अंगणात बाज.)

हे माळवद. जमिनीपासून दहा-बारा फूट. उन्हाळ्यात गाव असल्या माळवदांवरच झोपायला जातं. दोन वर्षांपूर्वी वैशाखात हे लेकरू झोपेत इथून खाली आलं. तेव्हा तिसरीत होतं. डोक्याला मार, अकरा दिवस आयसीयू.

घरी आलं तेव्हा चालत होतं, जेवत होतं, 'माय' म्हणत होतं. मारुतीला नारळ फुटला. पोरगं बरं झालं.

(दृश्य: चुलीपुढं आज्जी आणि नातू.)

"हे काय रं?"

"ते... पाणी... प्यायचं... ते."

तांब्या त्याला ठाऊक आहे, रोज त्यानंच पितो. नाव तेवढं ओठावर येत नाही.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी फक्त 'तान' एवढंच बोलू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत डावीकडं, पुढच्या भागात इजा दाखवली. पण पडलेल्या लेकराचं दुखणं असं एका जागी सापडेलच असं नाही. कवटीत मेंदू हिंदकळतो, आतले धागे ताणले जातात. मग वाचा असते, पण शब्द शोधायला, ऐकलेलं ध्यानात ठेवायला वेळ लागतो.

वर्गात बघा. "वही काढा, तारीख टाका, फळ्यावरचं उतरवा." यानं वही काढली आणि बसून राहिला. पोरं विनोदाला हसून मोकळी होतात, हा नंतर एकटाच हसतो. गुरुजी आधी 'आळशी' म्हणायचे. आता एका वेळी एकच गोष्ट सांगतात. वरच्या वर्गात धडे लांबतील तशा आणखी अडचणी वर येऊ शकतात. तोवर पडल्याची गोष्ट घरही विसरलेलं असतं, म्हणून दवाखान्याची फाइल जपायची.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व आहे. पण "हे तर बोलतंय की!" असं ऐकून माय दिव्यांग प्रमाणपत्राच्या एका खिडकीवरून परत आली.

(दृश्य: मोबाइलवर बोलण्याचा सराव घेणाऱ्या थेरपिस्ट मॅडम, दर शनिवारी.)

छापील चित्रांच्या कार्डांत टोस्टर होता. तो इथं कुणी बघितलाय? मॅडमनी घरचेच फोटो वहीत चिकटवायला लावले: घागर, कडबा, बैलगाडी, सूप. शब्द अडला तर लगेच सांगायचा नाही. कशाला लागतं ते विचारायचं, नाहीतर पहिलं अक्षर द्यायचं. त्याच्याही आधी मनात दहापर्यंत मोजत थांबायचं.

हे थांबणंच अवघड. आज्जी दहा आकडे एका दमात संपवायची. आता ती तुळशीच्या माळेचे दहा मणी ओढते.

(दृश्य: वही उघडी. आज्जीचं बोट फोटोवर.)

एक मणी. दोन. लेकरू छताकडं बघतंय, हात पाखडल्यासारखे हलतायत. पाच. सहा.

"सू... सूप!"

आज्जी हसते. राहिलेले चार मणी तरीही ओढते.