९९.७ टक्के अचूक, आणि तरी दिवसाला २५९ खोट्या घंटा

(रेडिओ लहरींवरून ड्रोन शोधण्याविषयी दादर येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पडद्यावर हे जे निळं-पिवळं चित्र सरकतंय ते या सभागृहात आत्ता भरून राहिलेल्या रेडिओ लहरींचं आहे. टेबलावरचा छोटा डबा म्हणजे हॅकआरएफ नावाचा रिसीव्हर. तो २० मेगाहर्ट्झ रुंदीचा तुकडा एका वेळी ऐकतो. २.४ गिगाहर्ट्झचा अख्खा पट्टा ८३.५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे आपल्याला त्यातला जेमतेम पाव भाग दिसतोय. तरी केवढी गर्दी! हे रुंद ठोकळे वायफायचे. इथे-तिथे उमटणारे बारीक ठिपके ब्लूटूथचे, कुणाच्या तरी कानात अजून इअरफोन आहे. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा फ्रिक्वेन्सी बदलतं, म्हणून एका जागी सापडत नाही. आणि हा मधूनमधून पसरणारा पट्टा कँटीनमधल्या मायक्रोवेव्हचा. वडे गरम होताहेत, पण मध्यंतराला वेळ आहे.

यात ड्रोन शोधायचाय. बाजारात मिळणारे बहुतेक ड्रोन याच २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झवर बोलतात, कारण इथे वेगळा परवाना लागत नाही. त्यांचं बोलणं दोन तऱ्हांचं. रिमोटकडून वर जाणाऱ्या आज्ञा तुटक असतात आणि फ्रिक्वेन्सी बदलत जातात. वरून खाली येणारा व्हिडिओ बहुधा १० किंवा २० मेगाहर्ट्झ रुंदीचा आणि जवळपास अखंड. वायफाय गरज पडेल तेव्हा बोलतं, ड्रोनचा व्हिडिओ ठरलेल्या मिलिसेकंदांच्या चौकटीत येत राहतो. विसर्जनाच्या दिवशी लालबागच्या गोंगाटातही पथकातल्या पोराला आपला ठेका बरोबर ऐकू येतो ना, तसं काहीसं संगणकाला शिकवायचं असतं. या सरकत्या चित्राचे हजारो तुकडे करायचे, ‘यात ड्रोन आहे’, ‘यात नाही’ अशा चिठ्ठ्या लावायच्या आणि फोटो ओळखणाऱ्या न्यूरल नेटवर्कसमोर, म्हणजे उदाहरणं पाहून शिकणाऱ्या संगणकी प्रोग्रामसमोर, ठेवायचे.

हे जमतं का? २०१९ मध्ये कतार विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन ड्रोनच्या लहरी नोंदवून सगळ्यांसाठी खुल्या केल्या. ड्रोन आहे की नाही, एवढंच विचारलं तर त्यांचं नेटवर्क ९९.७ टक्के वेळा बरोबर. कोणता ड्रोन, असं विचारलं तर ८४.५. कोणता आणि काय करतोय, म्हणजे तरंगतोय की उडतोय की व्हिडिओ घेतोय, असं विचारलं तर ४६.८. त्यांनी तिन्ही आकडे प्रामाणिकपणे छापले. पुढे जाहिरातींत मात्र पहिल्याच जातीचे आकडे फिरतात.

तो पहिला आकडाच घेऊ. यंत्र सेकंदाला एकदा निर्णय देतं असं धरा. दिवसाला ८६,४०० निर्णय. त्यातले ०.३ टक्के चुकले तर २५९ चुका. मुंबईच्या आकाशात बहुतेक वेळ संशयास्पद ड्रोन नसतोच, म्हणजे या चुका जवळजवळ सगळ्या खोट्या घंटा. कंट्रोल रूममधला हवालदार दुसऱ्या दिवशी आवाज बंद करून ठेवील, आणि त्याला दोष कसा देणार?

घंटेची किंमतही छोटी नसते. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या तक्रारी आल्या. सुमारे १,००० उड्डाणं विस्कळीत झाली, १ लाख ४० हजार प्रवाशांना फटका बसला. ड्रोन उडवणारा सापडला नाही. आपल्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. ती अर्धा तास थांबवणं काय असतं ते विमानात बसून घिरट्या घातलेल्यांनी सांगावं.

शिवाय परीक्षा कशी घेतली तेही विचारा. एकाच रेकॉर्डिंगचे तुकडे पाडून काही शिकवायला आणि काही तपासायला वापरले, तर नेटवर्क ड्रोनऐवजी त्या दिवशीची खोलीच पाठ करतं. दुसरी जागा, दुसरा दिवस, कधी न पाहिलेला ड्रोन, अशी परीक्षा हवी. चाळीतल्या प्रत्येक खोलीत एक राउटर, अशा ठिकाणी तर हवीच.

खोट्या घंटांवर माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे जागा शोधणं. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. समजा शिवाजी पार्क, माहीम आणि वरळी इथल्या गच्च्यांवर रिसीव्हर ठेवले आणि तिघांची घड्याळं जीपीएसने जुळवली. तोच सिग्नल दोघांकडे किती फरकाने पोचला यावरून नकाशावर एक हायपरबोला, म्हणजे ड्रोन जिच्यावर कुठेतरी असणार अशी वक्ररेषा, काढता येतो. तिसऱ्या रिसीव्हरमुळे दुसरा मिळतो, दोन्ही छेदतात तिथे ड्रोन. घड्याळ १०० नॅनोसेकंदांनी चुकलं तर अंतराच्या फरकात ३० मीटरची चूक. उंचीसाठी चौथा रिसीव्हर लागतो, आणि चारही एकाच पातळीवर असतील तर उंची धड येत नाही. त्यातला एखादा चाळिसाव्या मजल्यावर न्यायला हवा. तशा इमारतींची इथे वाण नाही.

आता नेटवर्क ओरडलं ‘ड्रोन!’ आणि गणिताने जागा दाखवली तिसऱ्या मजल्यावरची, तासभर न हललेली. तो राउटर आहे, सोडून द्या. ऐंशी मीटर उंचीवर सरकणारी जागा आली तर मात्र फोन उचला.

पोलिसांना खरं तर ड्रोनपेक्षा तो उडवणारा हवा असतो, आणि तिथे गाडी अडते. ड्रोन मोकळ्या हवेत असतो, रिमोटवाला इमारतींच्या मध्ये. त्याचा सिग्नल काचेच्या टॉवरवर आपटून येतो, वाट लांबते, आणि माणूस भलत्याच गल्लीत दिसतो. हे परावर्तन ओळखायलाही नेटवर्क शिकवतात. पण दादरमध्ये शिकलेलं पवईत चालेल याचा भरवसा नाही, म्हणून मी ओळख पटवायला नेटवर्क आणि जागा काढायला भूमिती, अशीच विभागणी ठेवीन.

आणि काही ड्रोन बोलतच नाहीत. आधी भरून दिलेल्या मार्गाने जाणारा ड्रोन रिमोट बंद ठेवूनही जातो. युक्रेनच्या युद्धात तर मागे ऑप्टिकल फायबरची बारीक तार सोडत जाणारे ड्रोन वापरले जाताहेत. त्यांच्यापुढे टेबलावरचा हा डबा बहिरा. तिथे रडार आणि कॅमेरा लागतात. रडारला लहान ड्रोन आणि घार यांत फरक करणं जड जातं आणि मुंबईत घारींना तोटा नाही. पंख हलतात की पाती फिरतात, हे परत येणाऱ्या लहरींच्या सूक्ष्म डॉप्लर बदलांवरून, म्हणजे हालचालीमुळे फ्रिक्वेन्सीत पडणाऱ्या बारीक फरकांवरून, ओळखतात. पण रडारवर काम केलेली माणसं इथे समोरच बसली आहेत, तेव्हा त्याबद्दल त्यांनीच बोलावं.