गाडी उभी आहे, पण झोपलीय का?

गाडी लॉक झाली. आरसे मिटले, दिवे विझले, चालक निघून गेला. पण बॉनेटखाली तारेतला प्रवाह मोजणाऱ्या या क्लॅम्प मीटरकडे बघा. आकडा अजून हलतोय.

इलेक्ट्रिक गाडीत बॅटऱ्या दोन. चाकं फिरवणारी मोठी, तळाशी, शेकडो व्होल्टची. आणि ही छोटी, बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टची. कुलपं, कॉम्प्युटर, नेटवर्कशी जोडलेला मोडेम हे सगळं हिच्या जिवावर चालतं. गाडी उभी राहिली की मोठ्या बॅटरीची जोडणी तुटायला हवी. ती तुटेपर्यंत थांबूया.

खट्!

हा काँटॅक्टर, म्हणजे मोठी बॅटरी जोडणारा-तोडणारा स्विच, उघडल्याचा आवाज. बघा, मीटर आता जवळपास शून्यावर. गाडी झोपली.

आता फक्त फोनवर ॲप उघडतो. पुन्हा खट्! मीटरवर प्रवाहाची दिशा उलटली. मोठी बॅटरी जोडली गेली, छोटीला वीज मिळू लागली, कॉम्प्युटर जागे झाले. आपण विचारलं काय, तर चार्ज किती टक्के आहे! तेवढ्यासाठी अख्खी गाडी उठली, आणि ॲप बंद केलं तरी लगेच झोपत नाही. दर थोड्या वेळाने गाडीची माहिती ओढणारी बाहेरची ॲप्स जोडलीत, तर तिला झोप लागणारच नाही.

आणि हे कॅमेरे. टेस्लाने २०१९ मध्ये आणलेला सेंट्री मोड उभ्या गाडीभोवती पहारा देतो. त्यासाठी कॉम्प्युटर सतत जागा लागतो. खर्च साधारण २५० वॉट धरला, तर २४ तासांत ६ युनिट. ६० युनिटच्या बॅटरीचा दहावा हिस्सा, म्हणजे जवळपास ४० किलोमीटरचं अंतर, गाडी जागची न हलता संपलं. बॅटरी २० टक्क्यांवर आली की हा पहारा आपोआप थांबतो, तोवर चालूच.

यात दोष बॅटरीच्या रसायनाचा नाही. लिथियम-आयन सेल आपणहून गमावतो तो महिन्याला दोन-चार टक्के. उभ्या गाडीत रोज एखादा टक्का जाईल, असं टेस्लाची पुस्तिकाच सांगते. त्यापुढचं जे जातं, ते बहुतेक सॉफ्टवेअर ठरवतं, आणि सॉफ्टवेअर बदलता येतं.

छोटी बॅटरी पार उतरली, तर मोठी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

आता टेस्लाचाच हा स्क्रीन पाहा. 'पार्क' या भागात उभ्या गाडीचा खर्च वेगळा मांडलाय: पहाऱ्याला किती, केबिन थंड ठेवायला किती, बाकीचा कशाला. मालकाला हे दिसलं की काय बंद करायचं ते तो स्वतः ठरवतो. हा हिशेब प्रत्येक कंपनीने प्रत्येक गाडीत द्यायलाच हवा. आणि ज्याला पहारा हवाय त्याने तो चालू करावा; गाडी ताब्यात मिळेल तेव्हा तो बंदच असावा.