मत्स्यालयाची काँक्रीटची बैठक

श्रोतेहो, नमस्कार.

घरी मत्स्यालय ठेवायचे ठरले की आपले सगळे लक्ष मासे, पाणवनस्पती आणि दिवे यांच्याकडे लागते. ती पेटी ज्यावर उभी राहणार त्या स्टँडचा विचार मात्र अगदी शेवटी, बहुधा घरातले एखादे रिकामे टेबल पाहून, उरकला जातो. आज मी त्या स्टँडविषयीच बोलणार आहे, आणि तोही स्वतः ओतून घडवलेल्या काँक्रीटच्या स्टँडविषयी.

आधी वजन मांडून पाहू. १२० सेंटीमीटर लांब, ४५ सेंटीमीटर रुंद आणि ५० सेंटीमीटर उंच अशी पेटी घेतली आणि ती काठाच्या थोडी खाली भरली, तरी तिच्यात २४० लिटर पाणी मावते, म्हणजे तेवढेच किलो झाले. १० मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला २५ किलो भरते, त्या हिशेबाने नुसती पेटी ५५ किलोंची. तळाची खडी आणि दगड धरले की बेरीज साडेतीनशे किलोंच्या आसपास जाते, आणि हा भार दिवसरात्र, वर्षानुवर्षे एकाच जागी उभा असतो. लाकडी स्टँड सुरुवातीला तो सहज पेलतो, पण पाणी बदलताना सांडणारे थेंब प्लायवूडच्या कडांत मुरतात, कडा फुगतात आणि पृष्ठभाग हळूहळू वाकडा होतो. लोखंड गंजते. काँक्रीट ओलाव्याने फुगत नाही आणि कुजतही नाही, म्हणून मला ते या कामासाठी सर्वांत भरवशाचे वाटते.

तरीही भार पेलणे हा या कामातला सोपा भाग आहे. खरी कसोटी सपाटीची असते. स्टँडचा एक कोपरा दोन मिलिमीटर जरी वर राहिला, तरी पेटीच्या तळाला पीळ बसतो, आणि तो पीळ काचेला किंवा कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या जोडाला सोसावा लागतो. अशी पेटी पहिल्या दिवशी फुटेलच असे नाही, पण काही महिन्यांनी जोडातून झिरपू लागते आणि कारण लक्षात येत नाही. म्हणून वरची लादी ओतताना मी एक युक्ती आवर्जून सांगतो. लादी उलटी ओतावी. साच्याच्या तळाशी जाड काच किंवा गुळगुळीत सनमायका लावलेले प्लायवूड, पाणसळ (सपाटी तपासायचे बुडबुड्याचे साधन) लावून अगदी समपातळीत बसवून, घ्यावे. जी बाजू तळाला टेकून सुकते, तीच लादी उलटल्यावर वर येते, आणि ती थापीने कितीही घोटलेल्या पृष्ठभागापेक्षा सपाट असते.

या युक्तीत एक धोका आहे आणि तो मी स्वतः अनुभवला आहे. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या मानाने साधारण दहावा हिस्साच असते. दोन्ही टोकांना आधार दिलेली लादी भाराखाली मधोमध खाली वाकू पाहते, तेव्हा तिची खालची बाजू ताणली जाते आणि तिथेच सळई लागते. माझी पहिली लादी जेमतेम ५ सेंटीमीटर जाडीची होती. मिश्रणात पाणीही मी सढळ हाताने घातले होते, आणि सळयांची जाळी नेहमीच्या सवयीने साच्याच्या तळाजवळ ठेवली होती. लादी उलटली आणि जाळी वर गेली. पेटी चढवण्याआधी वाळूच्या गोण्या रचून परीक्षा घेतली, म्हणून बरे झाले. तासाभराने खालून विजेरी मारली तेव्हा लादीच्या मध्यावर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, केसासारखी बारीक भेग दिसली. त्या जागी काचेची भरलेली पेटी असती तर काय झाले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

तेव्हापासून मी जाळी साच्याच्या तोंडावर आडव्या पट्ट्या ठेवून तारेने टांगतो, आणि लांबीच्या सळया साच्यातल्या उघड्या पृष्ठभागापासून, म्हणजे उलटल्यावर खाली जाणाऱ्या बाजूपासून, २ सेंटीमीटर आत राहतील असे पाहतो. लादी १२५ बाय ५० सेंटीमीटरची, जाडी साडेसात सेंटीमीटर, आणि सळया ८ मिलिमीटर जाडीच्या, १५ सेंटीमीटरहून जास्त अंतर न ठेवता. ओलसर काँक्रीटवर खिळ्याने ‘खालची बाजू’ असे कोरून ठेवावे, कारण चार जणांनी मिळून सव्वाशे किलोंच्या घरातली लादी उचलली की त्या धांदलीत कुणाला काही आठवत नाही.

मिश्रणाचे प्रमाण एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग बारीक खडी असे असावे. या लादीला साधारण २० किलो सिमेंट लागते, आणि पाणी सिमेंटच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे १० लिटरपेक्षा अधिक, घालू नये. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. मिश्रण घट्ट वाटते, साच्यात चटकन पसरत नाही आणि आणखी तांब्याभर पाणी ओतण्याचा मोह होतो. तो आवरावा, आणि त्याऐवजी साच्याच्या बाजूंवर लाकडी हातोडीने ठोकत हवेचे बुडबुडे बाहेर येऊ द्यावेत. पुढे लादीवर ओले गोणपाट टाकून ते निदान ७ दिवस, शक्य असल्यास १०, सुकू देऊ नये. पूर्ण भार मात्र २८ दिवसांनंतरच द्यावा.

पायांसाठी १० सेंटीमीटर जाडीच्या दोन उभ्या भिंती पुरतात, पण त्या दोघींना जोडणारी पाठीमागची भिंत टाळू नका, कारण तिच्याविना स्टँड बाजूच्या धक्क्याने डुलतो. त्या भिंतीत नळ्या आणि वायरी जाण्यासाठी भोक आधीच सोडावे. पायांच्या माथ्यावर सिमेंट-वाळूचा मऊ थर देऊन त्यावर लादी बसवावी, आणि तो ओला असेपर्यंत पाणसळ लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर फिरवून पाहावी. समुद्री मत्स्यालय असेल तर सर्व बाजूंना इपॉक्सीचा रंग हवाच, कारण खारट पाणी काँक्रीटमध्ये मुरून आतल्या सळईला गंज चढवते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पाठची भिंत धरली तर पेटीसह या रचनेचे वजन सातशे किलोंच्या पुढे जाते. तळमजल्यावर, भक्कम जमिनीवर, त्याची चिंता नाही. पोकळ वाजणाऱ्या फरशीवर मात्र पाय ठेवू नका. वरच्या मजल्यावर स्टँड उभारायचा असेल, तर साचा बनवण्याआधी स्थापत्य अभियंत्याला जागा दाखवा. भार पेलणाऱ्या भिंतीजवळ किंवा तुळईवर ठेवता येईल का, हे तोच सांगू शकतो.

पेटीचा तळ सपाट काचेचा असेल तर लादीवर थर्माकोलची एक सेंटीमीटर जाड शीट अंथरावी, म्हणजे राहून गेलेला वाळूचा एखादा कण काचेला टोचत नाही. तळ उचलून धरणारी प्लास्टिकची चौकट असलेल्या पेटीला ती लागत नाही. मग पेटी अर्धी भरावी आणि काचेवर पाण्याची रेषा चारही कोपऱ्यांत पेन्सिलीने खुणावून प्रत्येकीचे काठापासूनचे अंतर मोजावे. अंतरे वेगवेगळी आली तर पेटी रिकामी करून पाचरी स्टँडच्या पायांखाली माराव्यात, काचेखाली कधीही नाही. अंतरे सारखी असतील तर रात्रभर पाणी तसेच राहू द्यावे, सकाळी पुन्हा मोजावे, आणि तळाच्या कडेवरून कोरडे बोट फिरवून ते कोरडेच राहिले तर उरलेले पाणी भरायला घ्यावे.

नमस्कार.